सही करण्याआधी अध्यक्ष कोण ते विचारा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका 36 वर्षांच्या आहेत. बी.ई. झाल्यापासून एका छोट्या डिझाइन सर्व्हिसेस कंपनीत ॲनालॉग लेआउटचं, म्हणजे सर्किटमधले ट्रान्झिस्टर चिपवर कुठे आणि कसे बसतील ते आखण्याचं, काम करतात. (शहराचं नाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही.) कॉलेजातल्या जुन्या सरांचा त्यांना फोन आला. आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियरांच्या जागतिक संस्थेच्या सॉलिड-स्टेट सर्किट्स सोसायटीचं, म्हणजे चिप डिझाइनवाल्यांच्या संघटनेचं, लोकल चॅप्टर (स्थानिक शाखा) आपल्या शहरात काढायचं आहे. "मी अध्यक्ष होतो, तू सचिव हो. तुला फक्त सही करायची आहे, बाकी मुलं बघतील," असं सर म्हणाले. लेखिकेला वाटतं की आपली पीएचडी नाही, नावावर एकही पेपर नाही, आपण खरे डिझायनरही नाही, नुसते लेआउटवाले. कंपनीच्या कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढता येत नाही, मग तिथे बोलणार काय? आजवर पाहिलेले असले कार्यक्रम म्हणजे हारतुरे आणि प्रमाणपत्रं. मुलगा दुसरीत आहे, आणि शनिवार गेला तर घरात कुरबुर होणार. पण सरांना नाही म्हणवत नाही, आणि "खरं सांगायचं तर जावंसंही वाटतंय."

नमस्कार.

सर "फक्त सही" म्हणाले, तिथूनच सुरुवात करू. कुठल्याही संस्थेत सचिवाचं काम सहीपुरतं नसतं, हे तुम्हाला सोसायटीच्या, म्हणजे राहत्या इमारतीच्या सोसायटीच्या, अनुभवावरूनही माहीत असेल. चॅप्टर काढायचं तर आधी अर्ज करावा लागतो आणि त्यावर किमान 12 सदस्यांच्या सह्या लागतात. गोम इथेच आहे. नुसतं आयईईईचं सदस्यत्व असून भागत नाही. सॉलिड-स्टेट सर्किट्स सोसायटीचं सदस्यत्व वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि पदवीचे विद्यार्थी या बारांत धरत नाहीत. म्हणजे जी मुलं "बाकीचं बघणार" आहेत, त्यांची सही मुळात चालणारच नाही. मग नोकरी करणारी, स्वतःच्या खिशातून शुल्क भरायला तयार असलेली माणसं कोण शोधणार? सरांकडे कॉलेजातली माणसं आहेत. कंपन्यांमधल्या लोकांना फोन तुम्हीच करणार, आणि सरांनी तुम्हाला फोन केला तोही बहुधा त्यासाठीच.

पुढचंही सांगून ठेवतो. चॅप्टरने वर्षाला किमान दोन तांत्रिक सभा घ्यायच्या असतात. प्रत्येक सभेनंतर विषय काय होता, सदस्य किती आले, बाहेरचे किती आले, हा अहवाल ऑनलाइन भरायचा असतो. पदाधिकाऱ्यांची नावं दरवर्षी कळवायची, निवडणूक घ्यायची, पैसे आले तर हिशेब द्यायचा. यातलं काहीच अवघड नाही. महिन्यातल्या एखाद-दोन संध्याकाळी पुरतात. पण ते वेळच्या वेळी कुणीतरी करावं लागतं, आणि जिथे तसं कुणी नसतं तिथे चॅप्टर कागदावर जिवंत असतं, एवढंच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपण सचिव व्हायला पात्र आहोत का, हा प्रश्न त्यात चार वेगवेगळ्या तऱ्हांनी आला आहे. अध्यक्ष आपण का नाही, हा प्रश्न एकदाही आलेला नाही. बारा माणसं तुम्ही जमवणार, वक्ते तुमच्या ओळखीतून येणार, अहवाल तुम्ही भरणार, आणि अध्यक्ष सर. सरांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे अशी वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती वाटणी आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याही आलेलं नाही.

आता पात्रतेचं बोलू. ही संघटना म्हणजे संशोधकांचं शिखर, अशी तुमची समजूत आहे. ती का झाली हे कळतं. दर फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोत भरणारी आयएसएससीसी ही चिप डिझाइनची परिषद 1954 साली फिलाडेल्फियात सुरू झाली, आणि तिथे पेपर लागणं या धंद्यात अजूनही मोठं मानलं जातं. संघटनेचं जर्नल ऑफ सॉलिड-स्टेट सर्किट्स 1966 पासून निघतं. लांबून बघणाऱ्याला हेच दिसतं. लोकल चॅप्टर हे याच संघटनेचं अगदी दुसरं टोक आहे. तिथे पेपर लागत नाहीत, कुणी परीक्षक नसतो. एका शहरात हेच काम करणारी माणसं संध्याकाळी एका खोलीत जमतात आणि एकजण बोलतो, बस्स.

राहिलं "नुसते लेआउटवाले". हे शब्द पत्रात तीन ठिकाणी आहेत आणि ते मला सगळ्यात जास्त खटकले. करंट मिररचे, म्हणजे एका वाटेतला विद्युतप्रवाह दुसऱ्या वाटेत तसाच उतरवणाऱ्या सर्किटचे, दोन ट्रान्झिस्टर तुम्ही रोज मॅच करता, शक्य तितके सारखे ठेवता. आकार दुप्पट करायचा की चौपट, यावरून सर्किटवाल्यांशी रोज वाद घालता. तो वाद ज्या नियमावर चालतो, तो मार्सेल पेल्ग्रोम आणि त्यांच्या फिलिप्समधल्या सहकाऱ्यांनी 1989 साली मांडला. शेजारीशेजारी काढलेल्या दोन ट्रान्झिस्टरांमधली तफावत त्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, म्हणून तफावत निम्मी हवी तर जागा चौपट द्यावी लागते. हा पेपर कुठे छापून आला? याच संघटनेच्या याच जर्नलमध्ये. तुम्ही ज्या घरात पाऊल टाकायला बिचकता आहात, तिथला एक खांब तुमच्याच कामावर उभा आहे.

दुसरं उदाहरण देतो, कारण हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही. सिम्युलेशनमध्ये ट्रान्झिस्टर ठीक चालतो, पण लेआउट काढून पुन्हा तपासला की त्याचं थ्रेशोल्ड व्होल्टेज (तो ज्या व्होल्टेजला सुरू होतो ते) सरकलेलं दिसतं. स्किमॅटिकमध्ये, म्हणजे सर्किटच्या आकृतीत, चूक सापडत नाही. कारण एवढंच असतं की तो ट्रान्झिस्टर वेलच्या, म्हणजे सिलिकॉनमधल्या ज्या खास डोप केलेल्या भागात तो बसतो त्याच्या, कडेला फार जवळ बसवला आहे. वेल तयार करताना जे आयन मारतात, त्यातले काही रेझिस्टच्या (बाकीचा भाग झाकणाऱ्या थराच्या) भिंतीवर आपटून तिरके आत येतात. कडेलगतच्या पट्ट्यात डोपिंग, म्हणजे मिसळलेल्या अणूंचं प्रमाण, जास्त होतं आणि ट्रान्झिस्टरचा स्वभाव बदलतो. तुम्ही हे बघताक्षणी ओळखता आणि ट्रान्झिस्टर कडेपासून आत सरकवता. अभ्यासक्रमात हा भाग आलाच तर एका परिच्छेदात उरकतो. शेवटच्या वर्षाच्या मुलाला पडद्यावर दोन लेआउट शेजारीशेजारी दाखवा, एक चुकलेला आणि एक सुधारलेला. डमी (कडेला बसवलेले नुसते भरीचे ट्रान्झिस्टर) कशासाठी, गार्ड रिंग (भोवतीचं संरक्षक कडं) कुठे, दोन ट्रान्झिस्टरांच्या तुकड्यांची एबीबीए अशी मांडणी का, हे बोर्डावर काढत बोला. तास कसा गेला ते तुम्हालाही कळणार नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी "पण मॅडम, मग जागा जास्त नाही का जाणार?" असं विचारेल, आणि तिथून पुढे खरी सभा सुरू होईल.

"पण बोलू कशावर, कंपनी काही बोलू देत नाही." ही अडचण खरी आहे आणि ती हलक्याने घेऊ नका. फाउंड्रीचा (चिप बनवणाऱ्या कारखान्याचा) पीडीके, म्हणजे तिथे बनणारी चिप डिझाइन करायला लागणारा नियम आणि मॉडेलांचा संच, त्यातल्या नियमांचे आकडे, ग्राहकाचं नाव, चिपचे मोजलेले निकाल, लेआउटचा स्क्रीनशॉट, यातलं काहीही खोलीबाहेर जाता कामा नये. "नाव काढून टाकलं की चालतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मात्र यातून वाट आहे. 2020 साली गूगल आणि स्कायवॉटर या फाउंड्रीने मिळून 130 नॅनोमीटरचा एक पीडीके सगळ्यांसाठी खुला केला. तो कुणीही उतरवून घेऊ शकतं, त्यासाठी कसलाही करार करावा लागत नाही. लेआउट काढायला मॅजिक किंवा केलेआउट, सिम्युलेशनला एनजीस्पाइस, ही साधनंही फुकट आहेत. घरच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या वेळेबाहेर, तोच करंट मिरर या पीडीकेवर पुन्हा काढा. तत्त्व तेच राहतं आणि कंपनीची एक रेघही त्यात येत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर यासाठी उघडू नका, आणि कॉलेजचं शैक्षणिक लायसन्सही तुमच्या कामाला वापरू नका. दोन्हीकडे करार असतात.

तरीही मॅनेजरला आधी मेल टाका. त्यात विषय, स्लाइड्स, आणि "कंपनीचं नाव फक्त परिचयात येईल" एवढं लिहा. तोंडी होकार पुरेसा मानू नका. छोट्या कंपन्यांत अशा मेलला बहुतेक वेळा "ओके, गो अहेड" एवढंच उत्तर येतं, पण ते उत्तर जपून ठेवावं.

हारतुऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत, पाहुण्यांचा दोन पानी परिचय, आणि वक्त्याच्या हाती माइक येतो तेव्हा चहाची वेळ झालेली असते. मागे बसलेली मुलं हजेरीसाठी आलेली असतात. या प्रकाराला कंटाळून चांगले इंजिनियर फिरकत नाहीत. ते फिरकत नाहीत म्हणून कार्यक्रम तसेच राहतात. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो थोडा कडू आहे: उपस्थितीचं प्रमाणपत्र द्यायचं नाही. सभागृह अर्धं रिकामं होईल, होऊ द्या. वीसजण खऱ्या प्रश्नासाठी आले तर तेवढ्यांवर चॅप्टर चालतं. अहवालात दोनशेचा आकडा छान दिसतो, पण पुढच्या सभेला त्या दोनशेंपैकी कुणी स्वतःहून येत नाही.

सुरुवातीला बाहेरून मोठा वक्ता आणायचा मोहही टाळा. या सोसायटीचे डिस्टिंग्विश्ड लेक्चरर असतात, चॅप्टरने बोलावलं तर ते येतात, ऑनलाइनही बोलतात, आणि सोय उत्तम आहे. पण पहिलीच सभा अशी झाली की लोकांना वाटतं, इथे ऐकायला यायचं असतं. पहिल्या दोन सभा शहरातल्याच माणसांच्या ठेवा. एक तुमची, दुसरी व्हेरिफिकेशन किंवा टेस्टिंगवाल्या कुणाची. चिप बनून आल्यावर टेबलावर ती चालत नाही तेव्हा नेमकं काय करतात, या विषयावर तर कुणी बोलतच नाही.

"हे सगळं बेंगळुरूत शोभतं," असंही तुम्ही लिहिलं आहे. बेंगळुरूत या सोसायटीचं चॅप्टर आहे आणि ते चांगलं चालतं, कारण तिथे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1985 साली केंद्र काढलं आणि त्या पाठोपाठ एक अख्खी पिढी घडली. तेवढी माणसं तुमच्या शहरात नाहीत, हे खरं. पण चॅप्टरची जास्त गरज कुणाला असते? ज्या कंपनीत लेआउटला पन्नासजण आहेत, तिथे अडलं की शेजारच्या टेबलावर विचारता येतं. तुमच्याकडे चारजण आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, आणि त्यातल्या सगळ्यात अनुभवी तुम्ही. तुमचं अडलं की तुम्ही कुणाला विचारता? मला वाटतं, "जावंसंही वाटतंय" या वाक्यामागे हेच आहे. तुम्हाला पद नको आहे. बरोबरीने बोलणारं कुणीतरी हवं आहे.

म्हणून निर्णय करताना पद आणि संगत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. संगत हवीच असेल तर पदावाचूनही मिळते. सदस्य व्हा, वर्षातली एक सभा घ्या, बाकी वेळ श्रोत्यांत बसा. हा अगदी सन्मानाचा पर्याय आहे आणि दुसरीतला मुलगा घरात असताना तो निवडला म्हणून कुणी कमी लेखणार नाही. पूर्ण नकारही चालेल. तो द्यायचा तर "सर, सध्या वेळ नाही" असा द्या. "माझी पीएचडी नाही" असा देऊ नका, कारण ते कारणच नाही, आणि एकदा ते तोंडातून गेलं की पुढच्या प्रत्येक संधीला तेच येईल.

पण काम करायचंच असेल, तर सचिव होऊ नका, अध्यक्ष व्हा. सरांना भेटून सांगा, फोनवर नको: "सर, कंपन्यांतली माणसं जमवायची तर समोर कंपनीतलं नाव हवं. पहिली दोन वर्षं मी अध्यक्ष होते, तुम्ही उपाध्यक्ष राहा. कॉलेजची बाजू, हॉल, मुलं हे तुमच्याकडे. सचिव माझ्या ओळखीतला एक तरुण मुलगा बघते." यात उद्धटपणा काही नाही. सरांनीच तुम्हाला शिकवलंय, ते ऐकून घेतील. कदाचित त्यांना हायसंही वाटेल, कारण परीक्षा, नॅक आणि प्रवेश सांभाळून त्यांनाही हे जडच जाणार आहे. आणि ते दुखावले, "मग राहू दे" म्हणाले, तर चॅप्टर कुणासाठी निघत होतं ते तुम्हाला अर्ज भरण्याआधीच कळेल.

होकार देण्याआधी एक कसोटी मात्र घ्या. आठवडाभरात सरांशिवाय, तुमच्याच ओळखीतून, सहाजणांना फोन करा आणि एकच विचारा: सोसायटीचं शुल्क भरून सदस्य होशील का? "नक्की येईन" म्हणणारे खूप भेटतील, ते मोजू नका. सहांपैकी चार खरोखर भरणारे निघाले तर बारा जमतील. एकही निघाला नाही तर अजून वेळ आलेली नाही. मग अर्जाची घाई न करता दोन महिन्यांतून एकदा नुसतं भेटत राहा, कुणाच्या ऑफिसात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मधला मार्गही आहे. सर्किट्स अँड सिस्टिम्स किंवा इलेक्ट्रॉन डिव्हाइसेस या भावंड सोसायट्यांबरोबर संयुक्त चॅप्टर काढता येतं. लहान शहरात बारा माणसं एका सोसायटीत मिळत नाहीत, दोन-तीन मिळून मिळतात. तुमच्या भागातल्या आयईईई सेक्शनच्या पदाधिकाऱ्यांना आधी विचारा, कदाचित असं काही आधीच असेल.

शनिवारचं म्हणाल तर, सभा शनिवारीच घ्यायची असा नियम कुठे आहे? गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ ठेवा. नोकरदारांना परतीच्या वाटेवर पडतं, घरचा शनिवार शाबूत राहतो, आणि कॉलेजांनाही समारंभ करायला सवड मिळत नाही (हा फायदा मी शेवटी लिहिला असला तरी लहान नाही). घरी "मला एक जबाबदारी मिळाली आहे" असं मोघम सांगू नका. "दोन महिन्यांतून एक गुरुवार, त्या दिवशी मुलाचं जेवण आणि अभ्यास तू बघायचास" असं तारखेनिशी सांगा. मोघम गोष्टीवर कुरबुर होते, ठरलेल्या तारखेवर फारशी होत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. सांगली, नांदेड, जळगावच्या मुलांची पत्रं येत असतात: आमच्याकडे चिप कंपनीच नाही, आम्ही काय करायचं? तुमच्या कॉलेजात आयईईईची स्टुडंट ब्रँच असेल तर या सोसायटीचं विद्यार्थी चॅप्टर काढायला सहा विद्यार्थी सदस्य पुरतात. वर सांगितलेला खुला पीडीके तुम्हालाही मोकळा आहे. त्यावर एक छोटं सर्किट स्किमॅटिकपासून लेआउटपर्यंत नेऊन डीआरसी (लेआउट कारखान्याचे नियम पाळतो का) आणि एलव्हीएस (लेआउट स्किमॅटिकशी जुळतो का) या दोन्ही तपासण्या स्वच्छ करून दाखवा. मुलाखतीत ते पाच वर्कशॉप्सच्या प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतं. आणि जवळच्या शहरात चॅप्टरची सभा असेल तर बिगरसदस्य म्हणून जाता येतं का ते विचारा. बहुतेक ठिकाणी येऊ देतात.

शेवटी तुमचा तळटीपेतला प्रश्न: शुल्क स्वतः भरायचं का? कंपनीला विचारा. व्यावसायिक सदस्यत्वाचे पैसे परत देणाऱ्या कंपन्या आहेत, फक्त कुणी मागत नाही. नाही म्हणाले तर आयईईईच्या वेबसाइटवर सवलतीचे प्रकार आधी बघा. विकसनशील देशांसाठी कमी शुल्काचं इ-सदस्यत्व असतं, उत्पन्न कमी असेल तर वेगळी सूट असते. सदस्यत्वाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात, म्हणून वर्षाच्या मध्यावर भरत असाल तर अर्ध्या वर्षाचं शुल्क लागू होतंय का तेही तपासा. ज्या सहाजणांना फोन करणार आहात, त्यांनाही हे सांगा. पहिला प्रश्न ते पैशांचाच विचारतील.